वाकण्याची त्रिज्या

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात
आम्ही वाकणारी सर्किटं बनवतो.
हातात घेतली तर कोऱ्या चहाच्या रंगाची फिल्म,
उजेडाकडे धरली की समोरची इमारत
कावीळ झाल्यासारखी दिसते.
तिच्यावर तांबं, अठरा मायक्रॉन.
कांद्याचं सालही याहून जाड निघालं,
डब्यातलं मोजलं मी एकदा.

मला काटकोन काढायची मुभा नाही.
प्रत्येक वळण गोलाईनं घ्यायचं,
रेघ पॅडला टेकते तिथं थेंबासारखी रुंद करायची,
म्हणजे ताण एका जागी साचत नाही.
घडीवर भोक नको. घडीवर सांधा नको.
शाळेच्या फळ्यावर सात वर्षं सुविचार होता,
मोडेन पण वाकणार नाही.
इथं तो लावला तर गिऱ्हाईक जिन्यावरूनच परत जाईल.

समुद्र सात-आठ किलोमीटर लांब,
तरी फिल्म त्याची हवा पिते.
न भाजता सोल्डरिंगला घेतली तर फोड येतात, पापडासारखे.
म्हणून आधी भट्टी, एकशेवीस अंश, चार तास.

मार्चमध्ये दातांच्या डॉक्टरांच्या दिव्याचं काम आलं.
मान हलवणारा दिवा,
प्रत्येक पेशंटमागे पाच-सहा वेळा.
पन्नास हजार वेळा वाकून टिकायला हवं, असा करार.
एका पॅनेलवर बावीस पट्ट्या बसत होत्या.
मी उरलेल्या जागेत दोन आडव्या घुसवल्या.
चोवीस!
दस्तूरशेठनी सगळ्यांना ढोकळा मागवला.

चाचणीच्या मशीनवर लतिफा मुकादम.
नऊ हजार चारशे बाराला आकडा थांबला.
मग दुसरी आडवी, तीही दहाच्या आत.
सूक्ष्मदर्शकाखाली
माझ्या रेघेला आडवी एक रेघ,
मी न काढलेली.

लतिफा म्हणाली, "ताग्यातून आडवं बेतलंस तू."
साकीनाक्याला नऊ वर्षं ब्लाउज शिवलेत तिनं.
"कापडाला उभा-आडवा धागा असतो,
तांब्याला नसेल होय?"

असतो. लाटताना पडतो.
पुरवठादाराच्या कागदावर बाणही छापलेला असतो.
मी पाहिला होता तो.
चोवीसच्या नादात पाहिला होता.

शेठ काही बोलले नाहीत,
फक्त पॅनेल उचलून वजन केल्यासारखं हातात तोललं
आणि भंगाराच्या डब्यात टाकलं.
ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते,
आतली चेपली जाते.
मध्ये कुठंतरी एक थर असतो
ज्याला यातलं काहीच सोसावं लागत नाही.
तांबं नेमकं तिथं बसवायचं,
वर-खाली सारखी जाडी देऊन.
कागदावर हे दोन ओळींत होतं.

आता पुन्हा बावीस, सगळ्या उभ्या.
मशीन दुपारपासून चालू आहे, खटक, खटक.
एकेचाळीस हजार सहाशे.
लतिफा डबा उघडून बसलीय,
घास तोंडात,
कान तिकडे.