बीटा

आमच्या वर्गात पाच जण. त्यातला एक कधीच येत नाही.
विश्रामबागेत, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथं पंखा फक्त तीनच्या आकड्यावर फिरतो,
तांदळे सर फळ्यावर एक कुटुंब मांडतात.

प्रातिनिधिक कुटुंब. त्याला आडनाव नाही.
ते मरत नाही, भांडत नाही,
पुढच्या सगळ्या सालांचे भाव त्याला सरासरीनं ठाऊक.
आज किती खायचं, किती ठेवायचं,
हे ते एकदाच ठरवतं, आणि पाळतं.
रुक्साना मुजावर माझ्या वहीच्या कडेला बारीक लिहिते :
ह्यांच्याकडं पाव्हणे येत नाहीत का?

मग येतो बीटा.
उद्याच्या घासाची आजच्या जिभेला किती चव, ते सांगणारा आकडा.
शून्याच्या पुढं, एकाच्या अलीकडं.
अधीरपणाचं माप, सर म्हणतात,
आणि हात पुसतात पँटला.

सर हरिपूरचे. उदाहरण ठरलेलं :
जमिनीखाली पेव, आत हळद, तोंड मातीनं लिंपलेलं,
भाव येईतो वर्ष थांबा, दोन वर्षं थांबा.
उघडलं तरी लगेच उतरायचं नाही कुणी.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर खाली हवा नाही.
हे समीकरणात कुठं येतं, सर?
परीक्षेला नाही, ते म्हणाले.

घरी, शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या गल्लीत,
आईची भिशी. बारा बायका, महिना हजार,
चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात.
पहिला नंबर सगळ्यांनाच हवा :
पाटोळे वहिनींना पोराची फी,
नदाफ चाचींना भावाचं लग्न,
कुणाला नुसताच फ्रीज.
आई आपली चिठ्ठी दर साली कुणाला तरी देऊन टाकते
आणि डिसेंबर घेते.
व्याज नाही, काही नाही. नऊ वर्षं.

एका रात्री मी तिचा बीटा काढला.
व्याज शून्य, तरी थांबते,
म्हणजे एकाहून मोठा. दोनदा तपासलं.
सरांनी कागद लांब धरला, जवळ धरला.
अगं, बेरीजच संपत नाही, अनंताला जाते.
असं माणूस घेता येत नाही मॉडेलात.
मी म्हणाले, मी तर रोज तिच्या हातचं जेवते.
(म्हणाले नाही. हे आत्ता लिहिताना सुचलं.)

या जानेवारीत डबा हलवला,
आईला सातवा नंबर निघाला.
ती म्हणाली, मला पहिला पायजे.

गल्ली गप्प.
नदाफ चाचींनी आपली चिठ्ठी पुढं सरकवली,
कशाला, असं विचारलं नाही.
दुपारी ती एकटीच मारुती रोडला गेली,
आणि दिवेलागणीला टेम्पोतून उतरली
एक खुर्ची. वेताची. झुलणारी.

दीड खोलीत ती ठेवली की दार अर्धंच उघडतं.
बाबा मार्केट यार्डात दिवसभर पोती तोलून
पिवळे होऊन येतात, आणि आता
तिरके होऊन आत शिरतात.
एक दिवस करवादले, दुसऱ्या दिवशी
पिशवी तिच्या पाठीला अडकवली.

अगं पण का, मी विचारलं.
बसायला, ती म्हणाली.

परवा पेपर. पहाटे चारला
शेवटची अट पाठ करतेय :
अनंताच्या टोकाशी हातात काही उरता कामा नये,
उरलं, तर तेवढं जगायचं राहून गेलं.
तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणताना
अंधारात वेत करकरला.
मागं. पुढं. मागं.

मी मोबाईलचा उजेड हळूच खाली सोडला,
जमिनीवरून, तिच्या पावलांपर्यंत.

तिकडं धर तो, ती म्हणाली,
पेपर तुझा आहे.