एकवीस थेंब

प्रयोगशाळेतल्या रबरी माणसाला आम्ही बाबुशा म्हणतो.
डावा पाय गुडघ्यातून निसटतो त्याचा,
पण स्वभावाने चांगला.
कितीही टोचा, हूं नाही की चूं नाही,
आणि शीर पुस्तकात असते तिथेच.
बाबुशावर मला दहापैकी नऊ मिळाले.

एक गेला तो गप्प राहिल्याबद्दल.
"टोचण्याआधी सांगायचं असतं," कुतिन्हो मॅडम म्हणाल्या,
"मी कोण, काय करणार, कितपत दुखेल."
रबराला?
"हो, रबराला. आजपासून सवय."

बांबोळीच्या वॉर्डात मात्र
कायतान रिबेलो, वय बाहत्तर, धंदा पोदेर.
भट्टीने भाजून भाजून हात तुळतुळीत,
आणि शिरा अशा, की बोट टेकताच बाजूला सरतात,
लग्नात ओळख न दाखवणाऱ्या नातेवाइकांसारख्या.
एकदा चुकले.
दुसऱ्यांदा चुकले तेव्हा निळं टेंगूळ आलं
आणि तो ओरडला,
"म्हजो हात कितें पिठाचो गुळो?"
अख्खा वॉर्ड हसला.
मीही हसले असते,
पण हातातला ट्रे थरथरत होता
आणि ट्रेमधलं सगळं वाजत होतं.

तिसऱ्यांदा आर्सेनियाने घातली सुई.
आर्सेनियाला सगळं जमतं.
तिच्यावर रागावताही येत नाही,
रात्री तीच माझ्या बुटांना पांढरं लावून ठेवते.

त्याच आठवड्यात निकाल.
फार्माकॉलॉजी, चार मार्कांनी.
हॉस्टेलच्या बाथरूममध्ये रडायलाही रांग असते,
बाहेरून कुणीतरी बादली आपटतं,
"गावस, पाणी जाईल गो!"
मग तोंड धुऊन निघायचं,
चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडायचे,
आणि कुणाच्या तरी आजोबांना म्हणायचं,
सुप्रभात, काल झोप लागली?

आई वाळपईला, काजूच्या कारखान्यात.
टरफलाच्या तेलाने बोटं काळी,
आणि गुळगुळीत इतकी
की बँकेतलं यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही.
"परत ठेवा, मावशी. जरा दाबून."
पाचव्या-सहाव्या खेपेला उमटतो कधीतरी.
त्यातून माझी फी.
फोनवर ती विचारते, जेवलीस?
मी म्हणते, जेवले.
निकालाचं तीन दिवस विचारलेलं नाही तिने,
म्हणजे कळलंय.

रात्रपाळी. पावणेतीन.
कायतानची सलाईन बाहेर गेली, हात सुजला.
स्टाफ नर्स चार नंबरच्या खाटेशी अडकलेली,
तिथूनच म्हणाली, "तू घाल, मी आहे."
आर्सेनिया रजेवर.

स्टूल ओढून बसले.
म्हटलं, मी सुगंधा गावस. केरी, सत्तरी. दुसरं वर्ष.
तुम्हाला सुई घालणार आहे.
मागे दोनदा चुकली ती मीच.
औषधांच्या पेपरात नापास आहे.
दुखेल.
किती, ते मला ठाऊक नाही.

त्याने बराच वेळ बघितलं.
कवळी ग्लासात, तोंड बसलेलं,
त्यामुळे हसला की काय ते कळलं नाही.
मग उजवा हात चादरीखाली घेतला, डावा पुढे केला.
"हो घे. हाका उजो उणो लागला."

डोळे मिटले मी, हे मॅडमना सांगू नका.
बोट फिरवलं.
मनगटाच्या वर दोन बोटं,
दाबलं की खाली जाणारं
आणि सोडलं की हळूच वर येणारं काहीतरी.
सुईच्या मागच्या बारीक खोलीत लाल उजाडलं.

"सपलें?"
सपलें.

पाचशे मिली, आठ तास, मिनिटाला एकवीस थेंब.
हे गणित पेपरात चुकलं होतं.
घड्याळ धरून मोजत बसले,
आणि तो सांगत होता, याच वेळेला उठून
पीठ कसं मळायचं, सुरय कुठे मिळायची,
सायकलचा भोंपू कुठल्या वाड्यावर दोनदा वाजवायचा.
सतराव्या थेंबाला चुकले.
पुन्हा एकपासून.