शिवण

पहिलं रोप खोटं निघालं.
म्हणजे खोटं नव्हे, दुसरंच.
भाच्यानं, उमाजीनं, जांबोटीहून आणलेलं,
वीतभरही नाही, शेंड्याला पानांची छत्री,
माडाचं पिल्लू जणू.
हात लावला की मिटायचं,
पण सावकाश, सरकारी खिडकीसारखं.
आणि मी वडगावभर सांगत सुटले:
माझ्याकडे लाजाळू आहे.

नीलव्वा भिंतीपलीकडून बघत होती,
दिवसभर कांड्या भरून केसांत रेशमाची तुसं.
"काटा कुठाय?"
काटा नव्हता.
"फूल?"
पिवळं.
"गुलाबी पाहिजे की, गोंड्यागत. हे ते नव्हं."
मग काडेपेटीतून शेंगा दिल्या,
चपट्या, कडेला केसाळ, तुकड्यातुकड्यानं सुटणाऱ्या,
आणि नाव सांगितलं: मुट्टिदरे मुनी.
मुट्टिदरे, म्हणजे हात लावला तर.
वीस वर्षांच्या शेजारात एवढं येतं.
मुनी म्हणजे मी समजले ऋषी,
डोळे मिटून बसलेला.
बरोबरच वाटलं.

उकळून उतरवलेल्या पाण्यात बी रात्रभर.
सकाळी फुगलेली घेतली, तरंगणारी टाकली.
खानापूरची तांबडी माती, निम्मी वाळू,
श्रीखंडाच्या दोन डब्यांना तापल्या दाभणानं भोकं,
बी अर्ध्या पेराइतकंही खोल नाही.
आठव्या दिवशी दोन जाड दलं आली.
दहादा हात लावला. ढिम्म.
हेही दुसरंच, म्हटलं, आणि नाद सोडला.

मग खरं पान आलं, पिसासारखं.
अंगुस्तान चढवलेलं बोट चुकून लागलं टोकाला
आणि जोडी जोडीनं, टोकाकडून आत,
ब्लाउजचे हुक लागत यावेत तशी
पानं मिटत आली. शेवटी देठच खाली पडला.

उघडायला किती वेळ?
माझं घड्याळ बंद आहे.
एक बाही शिवून होते तेवढा.
थंडीत दीड बाही.

शिवणं म्हणजे टाके घालणं.
शिवणं म्हणजे हात लावणंही.
त्याच शब्दातून शिवाशीव निघाली, ती वेगळी गोष्ट.
मी चाळीस वर्षं पहिल्यावर पोट भरतेय,
दुसऱ्याकडे लक्षच गेलं नाही.

नळाला पाणी आठव्या दिवशी येतं.
त्या पहाटे माझी नळी नीलव्वाच्या आधी लागली.
एवढंच झालं.
सव्वीस दिवस भिंतीपलीकडून
फक्त कांड्यांचा आवाज.

ब्लाउज न्यायला आलेल्या हुद्दारबाई डब्याशी थांबल्या,
नाव ऐकून हसल्या:
"ऋषी कुठला हो! मुनी म्हणजे रुसणं.
हात लावला तर रुसतं."

म्हणजे भिंतीच्या या बाजूला लाजत होतं
आणि त्या बाजूला रुसत होतं,
एकाच काडेपेटीतलं बी.
दुपारभर बघत बसले.
लाजणं काय, रुसणं काय,
मान दोन्हींत खालीच जाते.
बघणाऱ्यानं ठरवायचं.
आणि सारखं छेडायचं नाही.
दमतं, मग मिटायचंच सोडून देतं.
हे नीलव्वानंच सांगितलं होतं,
बोलत होती तेव्हा.

दुसरा डबा भिंतीवर ठेवला,
ऊन येतं तिथं, अर्धा तिच्या बाजूला.
एक गोंडा फुलला होता, एक कळीत.
हाक मारली नाही. मारणार होते.

सकाळी डबा तिथंच.
पानं उघडी.
माती बोटानं चाचपली, पानांना न लागता:
ओली.
मी पाणी घातलं नव्हतं.

पलीकडे कांड्या थांबल्या होत्या.
दुसरी बाही घेतली शिवायला,
मशीन जरा हळूच चालवलं.