बाहीची आतली बाजू

संग्रहालयातून आलेल्या अंगरख्याला
डावी बाही अर्धीच आहे.
चिठ्ठीवर लिहिलंय : पागेवरचा कुणी, बहुधा.
नाव नाही. माप आहे.
काखेत घामाचा नकाशा आहे.
मला फक्त वीतभर ठिगळ रंगवायचंय,
जुन्याशेजारी बसवलं तर ओरडणार नाही असं.

पाचपावलीत, टिनाच्या छपराखाली, दोन पातेली.
एकात हिरड्याचं पाणी,
दुसऱ्यात आलीची मुळं, भंडाऱ्याकडून पोत्यातून आलेली;
ती कुटता कुटता मनगट गेलं माझं.
धायटीची फुलं मूठभर.
तुरटी तोळाभर जास्तच.

पहिला घाणा विटकरी निघाला.
दुसरा मातकट जांभळा.
तिसऱ्याला मी पातेल्यावरच खेकसले.
डोमाजी पौनीकर, वय चौऱ्याऐंशी,
मागावरून उतरून वीस वर्षं झालेले,
ओट्यावर सुपारी कातरत म्हणाले,
"रंगाले काहून बोल लावतं बाई?
पाणी चाखून पाह्य आधी."

चाखलं. बोअरचं.
जिभेवर जुना खिळा.

मग त्यांच्या नातवाच्या स्कूटरवर दोन कॅन,
बुजवायची राहून गेलेल्या एका विहिरीचं पाणी,
वर तरंगणारी निंबाची पानं गाळून.

चौथ्या वेळी काठीवर जे वर आलं
ते बघून डोमाजींनी अडकित्ता खाली ठेवला.
एवढंच.

आणि तेच ठिगळ बाहीशेजारी धरलं तर खोटं दिसलं.
बाही फिकी, उन्हानं चाटून चाटून ठेवलेली.
मी शिवण उसवली दोन बोटं.
आत, दुमडीत, शिवल्या दिवसापासून अंधारात राहिलेला
दोऱ्याएवढा पट्टा :
हाच लाल. अगदी हाच.
कुणीतरी माझ्याआधी त्याच विहिरीवर जाऊन आलेलं.

फोन केला. मॅडम म्हणाल्या,
आतला नको, बाहेरचा जुळवा.
लोक बाहेरूनच बघतात.

मग काय, मे महिना. सत्तेचाळीस.
या गावात शेवटचं पातेलं वर असतं,
त्याला सरपण लागत नाही.
टिनावर ठिगळ अंथरलं, कोपऱ्यांना विटांचे तुकडे,
एका कडेवर काळ्या कापडाची पट्टी टाचून.
बारा दिवस पाणी मारत, उलटवत,
मीच चढवलेलं मीच उतरवत राहिले.
"बरं उडलं," डोमाजी म्हणाले.
कौतुक होतं की दुखवटा, विचारलं नाही.

शिवताना ती झाकलेली कड आत दुमडली,
त्या जुन्या पट्ट्याला टेकवून.
चिठ्ठीवर हे लिहिलेलं नाही.

अंगरखा काचेआड गेला.
माझी नखं अजून उतरलेली नाहीत.
काल इतवारीत बांगड्या भरताना
कासारीण बोटं उलटीपालटी करत म्हणाली,
मेंदी अशी कुठं रंगते हो,
कोणाच्या लग्नाची?