खोटा गजर

वाळूजच्या शेडमध्ये आम्ही दोघंच.
मी, आणि नूरखान,
जो सोल्डरिंगच्या धुरामुळं
एक डोळा मिटूनच जगाकडं बघतो.
आमचं यंत्र तारेच्या कुंपणाला कान लावून बसतं:
कोण वाकलं, कोण सरपटलं, कोण नुसतंच टेकलं.
निविदेच्या पान एकशे बारावर लिहिलंय,
एका रात्रीत खोटे गजर दोनाच्या वर नकोत.
शेळीला माणूस म्हणायचं नाही.
माणसाला वारा म्हणायचं नाही.

अनामत भरायला मी पाटल्या मोडल्या नाहीत,
तसं सांगितलं असतं तर गोष्ट बरी वाटली असती.
शेडवरचं कर्ज वाढवलं, एवढंच.
तीन वर्षांची उलाढाल, सीएचा शिक्का,
आणि पाचशेच्या स्टॅम्पवर शपथेनं लिहून दिलं
की आम्ही कुठल्या काळ्या यादीत नाही.
यादीत घालण्याइतकं आम्हाला ओळखतंय कोण!

पौषातली रात्र, छावणीमागचं मैदान.
खाम नदीकडून थंडी आत येते, तिला पास लागत नाही.
मेजरसाहेब खुर्चीत. "शुरू कीजिए."
पहिला जवान पळत आला: गजर.
दुसरा रांगत: गजर.
कुत्रं सोडलं: यंत्र गप्प.
मी मनातल्या मनात बिल टाईप करून टाकलं,
जीएसटीसकट.

मग सुभेदार केरबा घुले उठले, गेवराईकडचे.
त्यांनी बूट काढले
आणि ते बूट बघूनच माझ्या पोटात गोळा आला.
आडवे झाले.
त्यानंतर काहीच झालं नाही.
सतरा मिनिटं काहीच झालं नाही.
पडद्यावरची हिरवी रेघ
सारवलेल्या ओट्यासारखी सपाट,
आणि आमच्या टेबलामागं कुणीतरी
माझ्याच थर्मासमधला चहा ओतून घेत होतं.

"बाई, मशीन वंगाळ न्हाई तुमचं.
लहानपणी दुसऱ्याच्या हुरड्यात असंच शिरायचो आम्ही.
राखण्या लई तिखट कानाचा.
तुमच्या मशीनला घाईचा माणूस कळतोय.
भुकेला न्हाई कळत. त्यो दमानं सरकतो."

मेजरनी काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं ते विक्रेत्याला दाखवायची पद्धत नाही.
परतताना टेम्पोत नूरखान म्हणाला,
"मॅडम, भूक का सेन्सर किधर मिलता?"
पंढरपूर फाट्यापर्यंत हसलो.
मग हसू संपलं, दुसऱ्या चाचणीची तारीख राहिली.

दोन महिने रोज संध्याकाळी
शेडच्या फरशीवर मी आडवी व्हायचे.
चार बोटं पुढं. थांब. श्वास. चार बोटं.
कोपर सोलले.
संकष्टीला तर खरोखरच उपाशी होते,
त्या दिवशीचा नमुना सगळ्यात चांगला निघाला.
नूरखाननं तो यंत्राला शिकवला.
दुसऱ्या खेपेला घुले आडवे झाले
आणि चौथ्याच मिनिटाला गजर झाला.
ते उठले, कपडे झटकले, माझ्याकडं बघितलं.
शाबासकी दिली नाही. चहाही घेतला नाही.

ऑर्डर मिळाली. डेपोला साडेचार किलोमीटर तार.
वर्षाची देखभाल करायला गेलो,
तेव्हा नोंदवही माझ्यासमोर सरकवण्यात आली.
एकाच रात्री तीन खोटे गजर.
तीन वाजून दहा. तीन चाळीस. चार पाच.
शेऱ्याच्या रकान्यात घुल्यांचं टपोरं अक्षर:
शेळी. शेळी. शेळी.
करारानुसार बिलातून अर्धा टक्का कपात,
किंवा पंधरा दिवसांत पुराव्यासह हरकत.

पुरावा यंत्रात होताच.
नूरखाननं रेघ परत चालवून बघितली.
चार बोटं. थांब. श्वास.
कुंपणापलीकडं बाभळीचं वाळलेलं जळण,
आणि धुळीत लहानशा ढोपराची खूण,
की मला तसं वाटलं.
"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ये बकरी नहीं."

"शेळीच आहे," मी म्हणाले,
आणि कपातीवर सही केली.