छातीच्या उंचीवर

झाड मोजायचं ते छातीच्या उंचीवर.
कुणाच्या छातीच्या, हे नियमात आहे :
साडेचार फूट.
विलापाच्या डोंगरात मी टेप घेऊन
हेमलॉकभोवती फिरते,
शेवाळाचं पाणी बाहीत शिरतं.
एर्की आकडा लिहून घेतो.

बाबा याच रानात निळा रंग मारायचे.
निळा पट्टा म्हणजे जा.
त्या पट्ट्यांवर नदीकाठची शाळा उभी राहिली,
व्यायामशाळा, पिवळी बस, माझं बीजगणित.

आता पत्र्याचा बिल्ला ठोकायचा.
बिल्ला म्हणजे राहा.
राहण्याचे पैसे कुठलीशी विमान कंपनी देणार,
चाळीस वर्षं, हप्त्याहप्त्यानं,
आणि तिचा धूर
आमच्या कागदांत जिरणार म्हणे.

रान राज्याचं. म्हणजे सगळ्यांचं.
म्हणजे सही एकाची,
आणि तो इथं कधी आलेला नाही.

दुपारी कड्यावर पोचलो.
खाली नुसती दरी, आणि कडेला सीडर,
आमच्या आडनावाच्या आधीपासूनचे.
इथवर ओढदोर कधी पोचला नाही.
बाबा म्हणायचे, इथून ओंडका काढायला
सैतानसुद्धा टेंडर भरणार नाही.

"ही धरायची?" एर्कीनं विचारलं.
"ही तर कुणी तोडणारच नव्हतं."

शाळेचं छप्पर गळतंय.
तिसरीच्या वर्गातल्या बादल्या मी पाहिल्यात,
दोन लाल, एक रंगाची रिकामी.
निळ्या.

पहिल्या झाडाला टेप घातली.
गाल सालीला टेकला, तरी हात पुरेनात,
पलीकडचं टोक एर्कीनंच दिलं.
"त्रेपन्न इंच," मी म्हटलं.

त्यानं क्षणभर पाहिलं.
मग लिहिलं.