पीठ तोलायचा काटा

नातेला पहाटे चारला बेकरी उघडते
आणि मैद्याच्या पोत्याआधी
स्वतः चढते काट्यावर.
एकाहत्तर.
परवा बहात्तर होतं,
झुराबच्या नातवाचा बाप्तिस्मा होता म्हणून.

पहिल्या वर्षी कुताइसीत
माणसं रस्ता ओलांडून यायची,
"अगं, ओळखलंच नाही!"
शिंप्याने तर पैसेही घेतले नाहीत.
आता पाचवं वर्ष.
नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, ही जन्मापासून अशीच.
टाळ्या केव्हाच घरी गेल्या.
उरलाय तो नदीपासून वरचा चढ,
रोज संध्याकाळी, कुरकुरत्या गुडघ्यांसकट.

मेजवानीत तमादा पेला उंचावून बोलत राहतो,
मावशी हळूच ताटात सारते चीजची पोळी,
"एकाने काय होतंय?"
काय होतं ते नातेलाला तोंडपाठ आहे.
कधीकधी ती खातेही. अख्खी, कडेसकट.
दुसऱ्या दिवशी चढ तेवढाच असतो.

तिसऱ्या वर्षी आई गेली.
चाळीस दिवस काट्यावर फक्त पोती चढली.
एक्केचाळिसाव्या पहाटे ती चढली:
अठ्ठ्याहत्तर.
खाली उतरली. भट्टी पेटवली.

जुना झगा तिने फेकलेला नाही.
उसवून, जोडून, काठवटीवर झाकण केलंय.
रात्रभर खाली कणीक फुगते,
झगा भरत जातो,
पहाटेपर्यंत पुन्हा जुन्या नातेलाएवढा.

ती तो बाजूला करते,
मूठ आवळते
आणि दाबते,
न रागावता,
काल दाबलं होतं तसंच.